'येते' न म्हणता

पंचेचाळिशीनंतर माणसानं नवा धंदा काढू नये, आणि काढलाच तर बसून करायचा काढावा. मी काढला तो दुसऱ्यांची घरं धुण्याचा. हे कसं काय सुचलं असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं की मला दुसरं काही येत नव्हतं. हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात सफाईच्या बायकांवर मी मुकादम होते. कारखान्यानं ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली, आणि आम्ही सगळ्याजणी एका शनिवारी घरी येऊन बसलो.

त्या बायकांत एक अळणावरकडच्या खेड्यातली होती. वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. कामाला वाघ. कारखाना सुटल्यावर तिनं आठवड्याच्या आत तीन घरची धुणीभांडी धरली, आणि ती तीन घरं मी तिला सोडायला लावली. "आपण आपलं काहीतरी काढू या, अक्का. दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस?" असं मोठ्या तोंडानं म्हणाले. तिनं माझ्या शब्दावर ती सोडली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं वर्ष ते ओझं माझ्या मानेवर होतं.

जुना व्हॅक्यूम आणि पाण्याचा फवारा मारायचं एक जुनं यंत्र, अशी दोन्ही दुसऱ्यांची वापरलेली घेतली. बादल्या, ब्रश, पुसायची फडकी जमवली. कन्नड आणि मराठी दोन्हीत पत्रकं छापून हुबळी-धारवाडच्या दुकानांतून ठेवली. मुहूर्त मोठ्या हुशारीनं निवडला होता. नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्याकडं घरोघरी धुणं निघतं. गाद्या, गोधड्या, पडदे, माळ्यावरची पितळेची भांडी, सगळं बाहेर येतं. या दिवसांत बायकांची कंबर मोडते, तेव्हा त्या आपली वाटच बघत असतील असा माझा हिशोब होता.

कसली वाट आणि कसलं काय! हुबळीत गल्ल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दार उघडायचं, आमच्या हातातली बादली बघायची, "ब्याड्री" म्हणायचं, दार बंद. नको म्हणायला आमच्याकडं एवढा एक शब्द पुरतो. एका बाईनं मात्र दारात उभं राहून नीट समजावून सांगितलं. "घटाच्या आधीचं घर घरच्या बाईनंच धुवायचं असतंय, वैनी. देव बसायचा असतोय."

"आणि घरची बाई दमली तर?"

"दमायचंच असतंय की हो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

नात्यातल्या एका मावशींना आमची दया आली. त्यांनी बोलावलं. आम्ही यंत्रं रिक्षात घालून तिकडं पोचलो, तर घर आरशासारखं लख्ख. "परकी माणसं येणार म्हणून काल जरा आवरून घेतलं," मावशी म्हणाल्या. 'जरा' म्हणजे त्यांनी पंख्याची पातीसुद्धा पुसली होती. आम्ही चहा प्यालो, चकल्यांची चौकशी केली आणि यंत्रं होती तशी परत आणली. रिक्षात अक्का एवढी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मला हसू आलं नाही. मला तिची सोडलेली तीन घरं दिसत होती.

पितृपक्ष चालू असताना पहिला फोन आला. धारवाडहून, मराठी बाईचा. आवाज बसलेला होता. "आमच्या सासूबाई गेल्या. दहावा झाला की घर धुऊन घ्यायचंय, तेराव्याला माणसं येणार. मी बंगळूरहून आलेली, इथं मदतीला कुणी नाही. तुमचं पत्रक वाण्याच्या दुकानात मिळालं. याल का?"

मी फोनवर हात ठेवला आणि आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांची सगळी उमर दाजीबानपेठेतल्या एका कापडाच्या दुकानात साड्या उलगडण्यात आणि घड्या घालण्यात गेलेली. घरात कुणाला शिंक आली तरी हे दुकानातलं उदाहरण देणार. मी हळूच म्हटलं, "सुतकाचं घर आहे. काय सांगू?"

"पहिलंच गिऱ्हाईक," ते म्हणाले. "म्हणजे बोहणी."

"तेच तर."

"बोहणीचं गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत. आमचे शेटजी सकाळी सकाळी भांडायला आलेल्या माणसालासुद्धा एक रुमाल विकल्याशिवाय सोडायचे नाहीत. बोहणी परत गेली की दिवस गेला."

हे बरोबर होतं, आणि चूकही तिथंच झाली. बोहणी जशी, तसा दिवस, हेही त्याच पेठेतलं वाक्य आहे. ते त्या वेळी ह्यांना आठवलं नाही, मलाही आठवलं नाही. मी येते म्हणून सांगितलं. अक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला मेल्या माणसाचं भ्या नाही, वैनी. जित्या माणसांच्या तोंडाचं हाय. पण चला की."

धारवाडचं ते घर एका निवृत्त वकिलांचं होतं. पुढं लांबट पडवी, मागं अंगण, भोवती झाडं. दारात रांगोळी नाही, उंबऱ्यावर हळदकुंकू नाही. फोन केलेली सून पदर खोचून आमच्यापुढं आली, काय काय धुवायचं ते दाखवून बाजूला झाली. गेलेल्या आजींच्या खोलीत अजून औषधांचा वास होता. गादी काढून टाकली होती, पण पलंगाशेजारच्या टेबलावर औषधाच्या बाटल्यांचे गोल डाग एकात एक गुंतलेले होते. अक्का ते घासत बसली. मी खिडक्या घेतल्या.

वकीलसाहेब खुर्चीवर बसून होते. आम्ही एका खोलीत शिरलो की स्वतःची खुर्ची स्वतः उचलून ते पुढच्या खोलीत जायचे. मी खुर्ची धरायला गेले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. असं करत करत दुपारपर्यंत ते पडवीत पोचले आणि आम्हीही पोचलो. मग ते खुर्ची घेऊन फाटकाजवळ जाऊन बसले. दिवसभरात त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. आम्हाला कुणी चहा विचारला नाही, आणि विचारला असता तरी आम्ही घेतला नसता. सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

घर मात्र आम्ही असं धुतलं की माझं मलाच बरं वाटलं. दार-खिडक्यांच्या चौकटी, न्हाणीघराची फरशी, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोडणीचा थर, सगळं. मनात एकच होतं. पहिलं घर आहे, पुन्हा बोलावलं पाहिजे. निघताना काय म्हणायचं ते मी घरून पाठ करून आले होते. "येते हं, पुन्हा काही लागलं तर फोन करा." हसून म्हणायचं. धंद्याची रीत आहे.

निघताना बादली हातात घेऊन मी सुनेकडं वळले. तोंड उघडून "ये" एवढंच म्हटलं असेल, तोच अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचं अक्षर आत गेलं. आणि मग मला आठवलं. मौतीच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तिथं पुन्हा येणं नको असतं, त्यांना आणि आपल्यालाही. भेटायला गेलेलं माणूस बसतं, उठतं आणि न सांगता चालायला लागतं. मागं वळूनही बघत नाही. कन्नडातही तसंच, एरवी 'होगि बर्तीनि' म्हणजे जाऊन येते म्हणणारी माणसं त्या उंबऱ्यावर मुकी होतात. हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? लहानपणापासून माहीत होतं. पण मी तिथं भेटायला गेले नव्हते, धंद्याला गेले होते, आणि या दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे मला कळलं नाही.

शेवटी आम्ही दोघी मान खाली घालून, बादल्या वाजू न देता, फाटकाजवळच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडलो. चोरी करून निघाल्यासारख्या. बसथांब्यावर मी अक्काला म्हटलं, "कुठल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाला पुन्हा या म्हणायची चोरी असते गं?"

"आपल्याला," अक्का म्हणाली.

पुढं काय झालं ते मी ठरवूनही करू शकले नसते. तेराव्याला त्या घरात गावभरची माणसं जेवायला बसली. गोडाचं जेवण झाल्यावर माणसांचं लक्ष भिंतींकडं गेलं असणार. कुणीतरी विचारलं असणार, कुणी धुतलं हो? आणि आमचा नंबर त्या पंगतीत पानावरच्या मिठासारखा सगळ्यांना वाढला गेला. धारवाडातले शिक्षक, कारकून, वकील, सरकारी नोकर, त्यांची हुबळीतली पाहुणेमंडळी. फोन सुरू झाले. मी खूश. ह्यांनी देवापुढं नारळ ठेवला.

दिवाळी उलटून गेल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं. प्रत्येक फोन तसल्याच घरून यायचा. कुणाचे वडील, कुणाची आत्या, कुणाचा तरणा भाऊ. त्या घरांच्या तेराव्याला पुन्हा माणसं जेवायची, पुन्हा भिंती बघायची, आणि नंबर पुढं जायचा तो पुढच्या मौतीच्या घरी. आमची जाहिरात फक्त तेराव्याच्या पंगतीत होत होती. बारसं, मुंज, वास्तुशांत, लग्न, नव्या भाडेकरूचं घर, यातलं एकही गिऱ्हाईक आमच्या वाट्याला येत नव्हतं.

फोन उचलताना माझा आवाज आपोआप खाली यायला लागला. "बोला," म्हणायच्या आधी मी मनातल्या मनात "अरेरे" म्हणून घ्यायची. कपाळावर टिकली बारीक, केसात फूल नाही, हातात आवाज करणाऱ्या बांगड्या नाहीत. घरी आलं की अंगणातनंच न्हाणीत जायचं, आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. ह्यांनी मागच्या दारी माझ्यासाठी वेगळी बादली ठेवली होती. त्यांनी प्रेमानंच ठेवली होती, पण संध्याकाळी थकून आलं आणि ती बादली दिसली की मला तिला लाथ मारावीशी वाटायची.

आणि कुठल्याच घरातून 'येते' म्हणून निघायचं नाही. पहिले काही महिने मला ते प्रत्येक वेळी जाणवायचं. जिभेवर यायचं आणि गिळायचं. मग यायचंच बंद झालं. काम संपलं की आम्ही सामान उचलायचो आणि चालायला लागायचो. घरच्यांनाही ते बरंच वाटायचं असावं. आमच्या पाठीकडं बघत त्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला आहे. चूक त्यांची नाही. आम्ही दिसणं म्हणजे ते दिवस दिसणं.

मी दमून गेले होते. कंबरेचं दुखणं तारिहाळपासूनचं होतं, त्याला मी कधी मोजलं नाही. हे दमणं वेगळं होतं. वर्षभरात आम्हाला बघून एकाही माणसाला आनंद झाला नव्हता. माणूस दगड फोडायलाही जातो, पण संध्याकाळी कुणीतरी त्याला 'उद्या ये' म्हणतं.

दुसऱ्या वर्षीच्या नवरात्राच्या तोंडावर मी पुन्हा उचल खाल्ली. नव्या पत्रकांवर लग्नघराचं चित्र छापलं आणि धारवाडला सुभाष रोडवर दुकानादुकानांतून वाटत फिरले. एका बांगडीवाल्याकडं एक ओळखीची बाई बांगड्या भरून घेत होती. तिच्या काकांच्या वेळी आम्ही त्यांचं घर धुतलं होतं. मी पत्रक दिलं. तिनं ते बघितलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"नंबर आहे हो माझ्याकडं," ती म्हणाली. अगदी आपुलकीनं म्हणाली. "काम काय सुरेख करता तुम्ही! पण देव करो आणि तो नंबर कधी लावायला न लागो."

बांगडीवाल्यानंही मान डोलावली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या तोंडावर केलेली ती प्रार्थना होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्या दिवशी उरलेली पत्रकं मी बसच्या सीटवर ठेवून उतरले.

अक्कानं त्याच सुमाराला मला सांगितलं. ती गावी नणंदेच्या नातवाच्या बारशाला गेली होती. पाळण्याची दोरी धरायला पुढं झाली तर नणंद म्हणाली, "आधी आंघोळ करून ये." अक्का सकाळी आंघोळ करूनच निघाली होती. बायकांनी कुजबूज केली, 'सत्तवर मनि तोळ्यावरु', म्हणजे मेलेल्यांची घरं धुणारी. कन्नडात म्हटलं म्हणजे आपल्याला ऐकू येणार नाही, असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. त्या गावात जन्मलेलं मूलही दोन्ही भाषांत रडतं.

"माझी पोरगी उजवायला आलीया, वैनी," अक्का म्हणाली. "तुळशीचं लगीन झालं की बघायला येत्यात. आई काय करती म्हणून इचारल्यावर काय सांगू? तुळशीच्या लग्नापतोर बघती. एक तरी चांगलं घर बोलवू दे आपल्याला. एक, लई नको. न्हाईतर मी परत भांडी धरती. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं. माझ्या शब्दावर आलेली बाई, तिच्या पोरीच्या आयुष्यात मी माती कालवत होते. आणि ती गेली तर मी एकटी काय करणार होते? फवाऱ्याचं यंत्र एकटीनं उचलत नव्हतं.

मग मी जे सुचेल ते केलं. एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला भेटले. तो आधी गोड बोलला, पण त्याच्याकडच्या आचाऱ्यानं मला ओळखलं, तेराव्यांचे स्वयंपाकही तोच करायचा. मॅनेजरनं कळवतो म्हटलं. फोनचा नंबरच बदलावा असंही मनात आलं. त्यावर आमचे हे म्हणाले, "पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही." मी म्हटलं, "बोहणी घ्या म्हणणारे तुम्हीच." त्यांना असं बोलल्याचं मला रात्रभर लागून राहिलं. त्यांच्या पेठेतल्या शहाणपणाचा त्यात काय दोष?

कार्तिक लागला. अंगणातली तुळस आमच्या ह्यांनी चुन्यानं रंगवून ठेवली. मी तिच्याकडं बघायचं टाळायची.

अशात एका सकाळी फोनवर धारवाडच्या त्या पहिल्या घरच्या सुनेचं नाव दिसलं. मी पायरीवर बसले. खुर्ची उचलून खोलीखोलीतून फिरणारे ते म्हातारे डोळ्यांपुढं आले. मी त्यांचा आवाजही ऐकला नव्हता, तरी मला भडभडून आलं. फोन उचलून म्हटलं, "वकीलसाहेब कसे आहेत?"

"बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "त्यांनीच तुम्हाला फोन करायला लावला. माझ्या मुलीचा साखरपुडा ठरलाय. तुळशीचं लग्न झालं की लगेच. धारवाडच्या घरातच करायचा म्हणून हट्ट धरून बसलेत. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, आता घरात कार्य व्हायला पाहिजे म्हणतात. बाबा बंगळूरला आमच्याकडं होते, घर वर्षभर बंदच होतं, धुळीनं भरलंय."

"साखरपुडा? आमच्याकडनं?" मी विचारलं. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू, माझ्या नणंदेनं नाक मुरडलं. त्याच बायका कशाला, म्हणाली. पण बाबा म्हणाले, त्यांना माझं घर माहीत आहे. मग विषय संपला. याल ना?"

अक्काला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "जाऊन तर बघू," म्हणाली. "दारातनं परत पाठवलं तर बस काय, मिळतीच." त्या दिवशी ती अबोलीचा गजरा माळून आली होती. बस नवलूरच्या पुढं गेल्यावर तिनं तो काढून पिशवीत ठेवला. धारवाड आल्यावर परत माळला.

फाटकातून आत शिरताना अक्काचा पाय रांगोळीवर पडतापडता वाचला. दोघीही दचकलो. वर्षभर आम्ही गेलो त्या दारांत रांगोळीच नव्हती, पाय जपून टाकायची सवयच गेली होती. ठिपक्यांची मोठी रांगोळी, मध्ये हळद. आम्ही दोन्ही बाजूंनी तिला वळसा घालून आत गेलो आणि पाण्याची नळी मागच्या अंगणातून घेतली.

काम तेच, घर तेच. वकीलसाहेबही तसेच खुर्ची घेऊन आमच्यापुढं पुढं चाललेले. पण या वेळी त्यांना वाचा फुटली होती. "त्या कोपऱ्यात जाळं राहिलंय." "पंख्याच्या मागं बघितलंत का?" "अहो, ती काच डागळलेलीच दिसतेय." कुणीतरी आमच्या कामात खोट काढत होतं! मौतीच्या घरात कुणी काम तपासत नाही, कुणाचं चित्तच नसतं. मी ती काच तीनदा पुसली. अक्का खालून फिदीफिदी हसत होती. मध्येच सुनेनं आम्हाला पडवीत बसवून उप्पीट आणि चहा दिला. गिऱ्हाइकाच्या घरातला वर्षभरातला तो पहिला चहा. अक्कानं कप दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला.

दुपार कलली, काम झालं. सून म्हणाली, "थांबा हं जरा," आणि आत गेली. आम्ही बादल्या पालथ्या केल्या, नळी गुंडाळली, यंत्र उचललं. आणि चपला घालून चालायला लागलो. मान खाली, बादल्या वाजू न देता. त्यात काही ठरवलेलं नव्हतं. हातपाय आपोआप चालले होते, दुसरं काही करायचं असतं हे आमच्या अंगातूनच गेलं होतं. फाटकाजवळ वकीलसाहेब खुर्चीवर बसले होते. त्यांना वळसा घालून आम्ही पुढं निघालो.

"अहो!"

दोघी थांबलो. म्हाताऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली होती. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, काहीतरी फुटलं की काय आमच्या हातून.

"असं न बोलता कुठं निघालात?" ते म्हणाले. "त्या वेळचं वेगळं होतं. आता घरात कार्य आहे माझ्या. 'येते' म्हणून जा."

मागं दारात सून कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. मी तोंड उघडलं. शब्द सापडेना. दिवसातून दहा वेळा बायका बोलतात तो शब्द, शेजारणीकडून मीठ आणतानाही बोलतात, आणि मला तो आठवून काढावा लागत होता. डोळे भरून आले आणि मला त्यांचा राग आला, असल्या वेळी कुठून येतात म्हणून.

अक्का माझ्यापेक्षा आधी सावरली. तिनं आपल्या बाजूनं यंत्र खाली टेकवलं, गजरा नीट केला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "होगि बर्तीव्री, अप्पा!"

"बर्री, बर्री," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "यांचं झालं. तुमचं?"

"येते," मी म्हटलं.

"या," ते म्हणाले.

सुनेनं आम्हाला कुंकू लावलं, अक्काच्या ओटीत नारळ घातला, माझ्या ओटीत घातला. बसथांब्यावर आम्ही दोघी ते नारळ मांडीवर घेऊन बसलो. बराच वेळ बस आली नाही. मला अक्काला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी तिनंच विचारलं, "सोमवारी कुठलं घर?"

मी अडखळत सांगितलं. हुबळीचं होतं. दहाव्याचं. सांगून मी दुसरीकडं बघायला लागले.

"असू दे की," अक्का म्हणाली. "त्या घरात बी कधीतरी लगीन निघंलच."